थकीत वेतनाची वसुली

केलेल्या कामाचे वेतन मालकाने मुदतीत दिले नाही, कमी दिले किंवा त्यातून बेकायदा कपात केली, तर ते मिळवण्यासाठी कामगाराला उपलब्ध असलेले कायदेशीर उपाय. बुडालेल्या पगारासाठी कामगाराला दिवाणी दाव्याच्या लांबणीत अडकावे लागू नये, म्हणून भारतात या कामी स्वतंत्र प्राधिकारी नेमण्याची पद्धत आहे.

पूर्वपीठिका : शाही कामगार आयोगाच्या (१९२९–३१) शिफारशींनंतर वेतन प्रदान अधिनियम, १९३६ अस्तित्वात आला. एक हजाराहून कमी कामगार असलेल्या आस्थापनेत पुढील महिन्याच्या ७ तारखेपर्यंत आणि इतरत्र १० तारखेपर्यंत पगार देण्याचे बंधन त्यात होते. औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ च्या कलम ३३-सी नुसार करार वा निवाड्याने ठरलेली रक्कम वसूल करता येई. महाराष्ट्रात १९७१ च्या कायद्याने करार किंवा निवाडा न पाळणे ही अनुचित कामगार प्रथा ठरवली.

सद्यःस्थिती : २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता, २०१९ लागू झाली. १९३६ च्या कायद्याला दरमहा २४,००० रुपयांची वेतनमर्यादा होती. संहितेत ती नाही. मासिक पगार पुढील महिन्याच्या ७ तारखेपर्यंत द्यावा लागतो. कामगाराला काढले, कपातीत कमी केले, त्याने राजीनामा दिला किंवा आस्थापना बंद पडली, तर देय वेतन दोन कामकाजी दिवसांत चुकते करावे लागते.

दाव्याची रीत : अर्ज स्वतः कामगार, तो सभासद असलेली नोंदणीकृत कामगार संघटना किंवा निरीक्षक करू शकतो. अनेकांचा पगार थकला असल्यास सर्वांचा एकच अर्ज चालतो. मुदत तीन वर्षांची असून सबळ कारण दाखवल्यास उशीर माफ होतो. प्राधिकाऱ्याला मूळ रकमेखेरीज तिच्या दहापटीपर्यंत भरपाई देववता येते. वेतन दिल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर असते; तरीही हजेरीपत्रक, पगारपावती, बँकेचे पासबुक व नेमणूकपत्र यांनी दाव्याला बळकटी येते. आदेशावर ९० दिवसांत अपील करता येते.

वसुली : आदेशानंतरही मालकाने रक्कम दिली नाही, तर प्राधिकारी वसुलीचा दाखला जिल्हाधिकाऱ्याकडे पाठवतो आणि ती जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल होते. कंत्राटदाराने पगार बुडवल्यास ज्या आस्थापनेत काम झाले तिच्या मालकावर तो देण्याची जबाबदारी येते.

दिवाळखोरी : कंपनी अवसायनात गेल्यास दिवाळखोरी संहिता, २०१६ नुसार कामगारांची आधीच्या २४ महिन्यांची देणी तारणधारक धनकोंच्या बरोबरीने फेडली जातात, इतर कर्मचाऱ्यांची १२ महिन्यांची देणी त्यांच्या मागून येतात. भविष्यनिर्वाह निधी व उपदान निधीतील कामगारांची रक्कम धनकोंमध्ये वाटायच्या मालमत्तेत धरली जात नाही.