जिल्ह्याचे नाव बदलले, सातबाऱ्यावरचे तुमचे?



इंग्रजी अमदानीत आपला जिल्हा ‘चांदा’ होता. १९६४ च्या सुमारास तो चंद्रपूर झाला. २६ ऑगस्ट १९८२ ला गडचिरोली वेगळा निघाला. हे बदल सरकारने केले. शेताच्या कागदावरचे नाव मात्र आपोआप बदलत नाही.

१९५१ मध्ये मालगुजारी गेली नि कास्तकाराचा संबंध थेट सरकारी दप्तराशी आला. पुढे जमीन महसूल संहिता, १९६६ आली. वारसा, खरेदी वा वाटणीने हक्क मिळाला, की तीन महिन्यांत तलाठ्याला, म्हणजे आपल्या पटवाऱ्याला, कळवायचे असे तिचे कलम १४९ सांगते. फेरफार लिहिला जातो, नोटीस निघते, हरकतीला १५ दिवस मिळतात. मंजुरीनंतरच सातबारा बदलतो.

घोटाळा होतो तो बायांच्या नावात. बापाच्या शेतात वारस म्हणून माहेरचे नाव, पासबुकावर सासरचे! मग सोसायटीचे कर्ज, पिकाची भरपाई अडू शकते. बहिणींनो, लग्नाचा दाखला जोडून पटवाऱ्याकडे अर्ज द्या, पोच घ्या. राजपत्रात नाव बदलले असेल तर त्याची प्रतही जोडा.

२००६ च्या वनहक्क कायद्याप्रमाणे पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे असतो. तिथलीही नावे वाचून पाहा.