रोमांचा ‘बियाव’

रोमानी भाषेत लग्नाला ‘बियाव’ म्हणतात आणि सुनेला ‘बोरी’. पहिला शब्द ‘विवाह’वरून आला, दुसरा ‘वधूटी’वरून. आपला ‘व्याही’ही त्याच विवाहातला. एवढे सापडले की आपल्याकडचा अभ्यासक हरखून जातो. आणि युरोपातल्या काही रोमा गटांत मुलींची लग्ने फार लवकर ठरतात हे वाचले, की बालविवाहही त्यांनी इथूनच नेला असे सांगून मोकळा होतो. मला हे अनुमान घाईचे वाटते. व्याह्याला रोमानीत ‘खनामिक’ म्हणतात, आणि तो शब्द आर्मेनियन आहे. सोयरिकीचे तंटे सोडवणाऱ्या पंचायतीचे नाव ‘क्रिस’, ते ग्रीक. वाटेतल्या प्रत्येक मुक्कामाने या लग्नात काहीतरी घातले आहे.

शिवाय रोमांचे लग्न असे एक नाहीच. फिनलंडचे ‘काले’ सोहळाच करीत नाहीत. जोडपे पळून जाते आणि पुढे घरचे त्याला पदरात घेतात. स्पेनच्या हितानोंत देज नाही, पण वधूच्या कौमार्याची रुमालाने परीक्षा घेण्याचा विधी आहे. देजाची चाल ठळक दिसते ती काल्देराशांत. हे मूळचे रुमानियाकडचे तांबट. त्यांच्यात मुलाचा बाप ब्रँडीची बाटली रंगीत रेशमी रुमालात गुंडाळून, तिला सोन्याच्या नाण्यांची माळ घालून मुलीच्या घरी जातो. घासाघीस झाल्यावर मुलीच्या बापाने घोट घेतला की सोयरीक पक्की. माळ मुलीच्या गळ्यात पडते. लग्न मोडले तर देज किती परत द्यायचे ते क्रिस ठरवते. लग्न झालेली बाई डोक्याला रुमाल बांधते. ‘रोम’ या शब्दाचा एक अर्थच नवरा, ‘रोमनी’ म्हणजे बायको. अविवाहितांना मुलगा-मुलगी या अर्थाचे वेगळे शब्द. थोडक्यात, लग्नावाचून माणूस पुरता रोम होत नाही.

मग हे लग्न लवकर उरकण्याची घाई कुठून आली? माझा कल गुलामगिरीकडे बोट दाखवण्याचा आहे. वालाखिया आणि मोल्दाविया या संस्थानांत चौदाव्या शतकापासून 1855-56 पर्यंत रोमा हे राजाचे, मठांचे नाहीतर सरदारांचे गुलाम होते. धन्याच्या परवानगीवाचून लग्न नाही, आणि विक्रीत नवरा-बायको, मायलेकरे तुटत. शेजारच्या हाब्सबुर्ग राज्यात मारिया थेरेसाने 1773 मध्ये रोमांनी आपसांत लग्न करण्यावरच बंदी घातली आणि त्यांची मुले शेतकऱ्यांकडे वाढवायला दिली. लेकीचे काय करायचे हे परका ठरवणार असेल, तर आधी आपणच ठरवून टाकावे, असे बापाला वाटणे मला समजते. समजते म्हणजे पटते असे नव्हे.

सरकारांचा आणि या लग्नांचा संबंध पुढेही सरळ झाला नाही. स्पेनमध्ये 1971 साली रोमा रीतीने लग्न झालेल्या एका बाईला नवऱ्याच्या मृत्यूनंतर विधवा निवृत्तिवेतन नाकारले गेले. नवऱ्याने एकोणीस वर्षे सामाजिक विम्याची वर्गणी भरली होती, सहा मुले होती. लग्न मात्र कागदावर नव्हते. स्ट्रासबुर्गच्या मानवी हक्क न्यायालयाने 2009 मध्ये हा भेदभाव ठरवला.

त्याआधी 2003 च्या सप्टेंबरात रुमानियातल्या सिबियू गावी स्वतःला रोमांचा राजा म्हणवणाऱ्या फ्लोरिन चोआबा यांनी आपल्या मुलीचे लग्न लावले. तिचे वय कुणी बारा छापले, कुणी चौदा; नवरा पंधराचा. युरोपीय संसदेतून निषेध झाला. ही आमची परंपरा आहे, बाहेरच्यांनी लुडबुड करू नये, असे उत्तर आले. 1891 च्या संमतिवयाच्या कायद्याविरुद्ध पुण्यात झालेली भाषणे ज्यांनी वाचली आहेत त्यांना हे उत्तर ओळखीचे वाटेल. मुलीचे म्हणणे दोन्ही बाजूंच्या पत्रकांत फारसे नव्हते. ती भर विधीत चर्चमधून उठून बाहेर निघून गेली होती. तिला परत आणून लग्न लावले गेले. नंतर अधिकाऱ्यांनी दोघांना वेगळे राहण्याचा आदेश दिला.