रॅव्हलोचा विणकर आणि पांडेपूरचा सूरदास

जॉर्ज एलियट यांची ‘सायलस मार्नर’ ही कादंबरी 1861 साली प्रसिद्ध झाली. आपल्याकडील महाविद्यालयांतून आणि अभ्यासमंडळांतून ती वाचली जाते ती बहुधा व्हिक्टोरियन ग्रामजीवनाचे एक गोड चित्र म्हणून. या कादंबरीचे भारतातील सर्वांत गंभीर वाचन मात्र वर्गाबाहेर, प्रेमचंदांच्या लेखणीने झाले, असे म्हणावे लागते.

वाराणसीजवळच्या लमही या गावी 1880 साली जन्मलेल्या प्रेमचंदांनी शिक्षकाची नोकरी सांभाळून 1919 साली बी. ए. ची पदवी मिळवली. इंग्रजी साहित्य हा त्यांचा एक विषय होता. याच सुमारास ‘सायलस मार्नर’चे ‘सुखदास’ हे हिंदी रूपांतर त्यांनी केले. रूपांतर हीदेखील अभ्यासाची एक रीत आहे, आणि टीपा काढण्यापेक्षा ती कठोर आहे. श्रीधर पाठकांनी 1889 साली गोल्डस्मिथचे काव्य ‘ऊजड ग्राम’ या नावाने हिंदीत आणले, तेव्हा उजाड गावाविषयीचा शोकभाव साधला की बरेचसे काम होण्यासारखे होते. कादंबरीत तेवढ्याने भागत नाही. तेथे धंदा, जमीन, देणेघेणे, सोयरीक यांसह सगळे गावच उचलून आणावे लागते.

आणि येथेच अडचण उभी राहते. रॅव्हलो गावात सायलस हा उपरा आहे. मागावर एकट्याने राबणाऱ्या या माणसाकडे गाव संशयाने पाहते; पंधरा वर्षांत साठवलेली सोन्याची नाणी हीच काय ती त्याची सोबत. कबीराच्या काशीत विणकर उपरा कसा असेल? तेथे विणकरांचे मोहल्लेच्या मोहल्ले आहेत, विणकाम बापाकडून मुलाकडे जाते आणि मजुरीचा हिशेब गद्दीदाराशी असतो. सायलसचे एकाकीपण त्याच्या धंद्यासकट या भूमीत रुजणे कठीण होते. ते रुजले वेगळ्याच माणसाच्या ठायी.

‘रंगभूमि’ ही कादंबरी 1925 साली प्रसिद्ध झाली. तिचा नायक सूरदास हा काशीलगतच्या पांडेपूरचा आंधळा भिकारी, जातीने चांभार. त्यानेही पैसा साठवला आहे; भिक्षेतून जमलेले पाचशेहून अधिक रुपये. त्याच्याही घरी एक पोरके मूल आहे, पुतण्या मिठुआ. भैरो ताडीवाला सूरदासची झोपडी पेटवतो आणि थैली पळवतो. दोन्ही कादंबऱ्या शेजारी ठेवून वाचणाऱ्याला या ठिकाणी थांबावेच लागते. चोरी उमगताच सायलस ‘रेनबो’ या गुत्त्यात धावत जातो, भर बैठकीत आपले दुःख सांगतो, आणि गावाशी त्याचे पहिले नाते जुळते ते त्या आक्रोशातून. सूरदास रात्रभर राख चाळतो. पण थैली आपली होती हे कबूल करीत नाही. गयेला जाऊन पिंडदान करावे, मिठुआचे लग्न लावावे, एक विहीर खोदावी, यासाठी ते पैसे होते. तरीही भिकाऱ्याने धन साठवणे ही त्याला गरिबीहून मोठी लाज वाटते. एलियट यांच्या गावात गेलेले सोने मोठ्याने मागता येते. प्रेमचंदांच्या गावात तेवढीही मुभा नाही.

मुलांच्या बाबतीत हा भेद अधिकच बोचरा होतो. सोन्याच्या जागी आलेली एपी श्रीमंत जन्मदात्याला नाकारून विणकराजवळ राहते. मिठुआ मात्र मरणशय्येवरील सूरदासाकडे पैशांचा हिशेब मागतो. या प्रसंगाला कडवट म्हणून बाजूला सारणारे वाचक त्यातील सामाजिक जाण हरवून बसतात.

‘रंगभूमि’वर त्या काळी थॅकरे यांच्या ‘व्हॅनिटी फेअर’च्या अनुकरणाचा आरोप झाला आणि पुष्कळ शाई खर्ची पडली. त्या वादाचा निकाल काहीही लागो, ‘सुखदास’शी असलेले या कादंबरीचे नाते त्याहून विचारार्ह आहे. येथे उसनवारीची भाषा अपुरी पडते. पूर्वी रूपांतरित केलेल्या कथेचे धागे स्वतंत्र कृतीत उलट्या दिशेने विणले गेलेले दिसतात.

कारखान्याचेच पाहावे. कादंबरीच्या अखेरीस सायलस आपल्या जुन्या वस्तीचा, लँटर्न यार्डचा, शोध घेत जातो, तेव्हा तेथे कारखाना उभा असतो. तो क्षणभर स्तिमित होतो आणि एपीसह रॅव्हलोला परततो. एलियट यांनी त्या कारखान्याला यापुढे स्थान दिलेले नाही. प्रेमचंदांची कथा मात्र कारखान्यापासूनच पेट घेते. जॉन सेवकला सिगारेटच्या कारखान्यासाठी सूरदासची वडिलोपार्जित जमीन हवी आहे. त्या जमिनीवर मोहल्ल्याची गुरे चरतात, म्हणून सूरदास ती विकत नाही. परतायला त्याच्यापाशी दुसरे गाव नसते.