पटलप्रथिनांचे लक्ष्यित विघटन

पेशीच्या पटलावर बसलेले, रोगाला कारण ठरणारे प्रथिन नेमके पकडून ते पेशीकडूनच नष्ट करवून घेण्याची औषधपद्धती. नेहमीचे औषध प्रथिनाचे काम अडवते; येथे प्रथिनच उरत नाही. या विचाराचा पहिला रेणू, प्रोटॅक, क्रेग क्रूज व रेमंड डेशाइज यांनी २००१ मध्ये मांडला. पण तो पेशीच्या आत काम करतो, बाहेर डोके काढलेल्या प्रथिनांना सहसा पुरा पडत नाही. ही उणीव कॅरोलिन बर्टोझी यांच्या स्टॅनफर्डमधील गटाने २०२० मध्ये ‘लायटॅक’ने भरून काढली. त्यातील प्रतिपिंड लक्ष्याला धरतो आणि त्याला जोडलेली शर्करा लायसोसोमकडे, म्हणजे पेशीतील पचनकोशाकडे, ये-जा करणाऱ्या दुसऱ्या एका पटलप्रथिनाला, म्हणजे ग्राहीला, चिकटते. दोघेही आत जातात. लक्ष्य तेथे पचते. कर्करोगाशी संबंधित ईजीएफआर हे प्रथिन प्रयोगशाळेतील पेशींवरून असे घटवता आले.

तत्त्व मात्र जुने आहे. मायस्थेनिया ग्रॅव्हिस हा रोग ते आधीपासून वापरतो. त्यात पापण्या झुकतात, स्नायू लवकर थकतात. जॉन्स हॉपकिन्सच्या फॅम्ब्रो, ड्रॅकमन व सत्यमूर्ती यांनी १९७३ मध्ये रुग्णांच्या स्नायूंवरील, मज्जातंतूचा संदेश घेणारे ॲसिटिलकोलीन ग्राही त्यांना चिकटणाऱ्या किरणोत्सारी बंगारोटॉक्सिनने मोजले, तर ते फारच कमी भरले. पुढे ड्रॅकमन यांच्या गटाने कारण दाखवले: रुग्णाच्या प्रतिपिंडाचे दोन हात दोन ग्राहींना एकत्र बांधतात आणि पेशी ते आत ओढून नष्ट करते. एकाच हाताचा तुकडा विघटनाचा वेग वाढवत नाही.

बंगारोटॉक्सिन हे मण्यारीच्या एका परदेशी जातीच्या विषातले. तैवानच्या चांग व ली यांनी ते १९६३ मध्ये वेगळे केले. त्या सापाची भारतीय नातलग, आपली मण्यार, ठाणे जिल्ह्यातील शहापूर-मुरबाडच्या भातपट्ट्यात जमिनीवर झोपलेल्यांना रात्री चावते. दंश फारसा दुखत नाही, खूणही अनेकदा सापडत नाही. पहाटे पोटात कळा येतात, पापण्या मिटू लागतात. मायस्थेनियाशी हे साम्य फसवे आहे. आपल्या मण्यारीचा मुख्य घाव ग्राहीवर नसून मज्जातंतूच्या टोकावर पडतो. म्हणून नागदंशात उपयोगी पडणारे निओस्टिग्मीन हे औषध येथे सहसा लागू पडत नाही. टोके भरून येईपर्यंत श्वास यंत्रावर चालवावा लागतो. लायटॅकसारख्या रेणूंचाही येथे उपयोग नाही.

नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चौघांविरुद्धचे प्रतिविष हाच उपाय, आणि टोकांची हानी झाल्यावर तेही ती भरून काढत नाही. खूण सापडो न सापडो, भगताकडे वेळ न दवडता रात्रीच शहापूरचे उपजिल्हा किंवा मुरबाडचे ग्रामीण रुग्णालय गाठावे.