धावचीत आणि पंचाची जागा

होळकर संघाचा विषय निघाला की आपल्या जुन्या कुटुंबांत कर्नल सी. के. नायडूंचे षटकार, मुश्ताक अलींचे पुढे सरसावून खेळणे आणि 1945-46, 1947-48, 1950-51 व 1952-53 या चार रणजी विजेतेपदांचे स्मरण होते. त्या सामन्यांतील पंचांची आठवण मात्र सहसा कोणी काढीत नाही. मार्च 1947 मध्ये बडोद्यास झालेल्या अंतिम सामन्यात विजय हजारे (288) आणि गुल महंमद (319) यांनी होळकर संघाविरुद्ध चौथ्या गड्यासाठी 577 धावांची भागीदारी केली. त्या भागीदारीतील प्रत्येक पळून काढलेल्या धावेच्या वेळी गोलंदाजाच्या बाजूच्या पंचाला यष्टींमागची जागा सोडून बाजूला धावावे लागले असणार. धावफलकात या श्रमाची नोंद नसते.

हे धावणे कशासाठी? यष्टींपासून चार फूट पुढे पॉपिंग क्रीझ असते. तिची मागची कड हीच खरी मर्यादा. बॅट नुसती रेषेवर टेकलेली असेल तर फलंदाज बाद. ती रेषेच्या आत हवी. म्हणजे पंचाला एकाच क्षणी दोन गोष्टी पाहावयाच्या असतात : बॅट कोठे आहे आणि बेल निघाली की नाही. यष्टींच्या मागे उभे राहून पाहिल्यास बॅट आणि रेषा यांतील अंतर डोळ्याला कळतच नाही. सियागंजच्या घाऊक पेढ्यांवर जुन्या तराजूचा काटा तिरकस पाहिला तर वजन चुकीचे वाचले जाई. अनुभवी व्यापारी अगदी समोर येऊन पाही. येथेही तेच आहे. पंच जवळ असणे फारसे महत्त्वाचे नाही. त्याची नजर रेषेच्या सरळीत असणे महत्त्वाचे.

म्हणून चेंडू ज्या बाजूला गेला त्या बाजूस पंच सहसा सरकतो. चेंडूकडे पाठ होत नाही आणि क्रीझही दिसते. क्षेत्ररक्षकाच्या फेकीच्या मार्गात मात्र येता कामा नये. आणखी एक पथ्य असे, की निर्णयाच्या क्षणी पाय स्थिर हवेत. धावत्या डोळ्याला रेषा हलताना दिसते.

अमेरिकेतील बेसबॉलचे पंच हाच धडा गिरवतात. पहिल्या बेसवरील चुरशीच्या निर्णयासाठी फेकीच्या दिशेशी साधारण काटकोन साधून ते थांबतात. डोळा धावपटूच्या पावलावर, तर कान चेंडू हातमोज्यात पडल्याच्या आवाजावर. क्रिकेटच्या पंचाला ही सोय नाही. बेल पडल्याचा आवाज ऐकून कोणी निर्णय देत नाही.

14 नोव्हेंबर 1992 रोजी डरबान येथे या कलेच्या इतिहासास वळण लागले. जाँटी ऱ्होड्सच्या फेकीवर सचिन तेंडुलकर धावचीत झाला, तो निर्णय मैदानावरील पंच सिरिल मिचली यांनी स्वतः न देता दूरचित्रवाणीसमोर बसलेले कार्ल लिबेनबर्ग यांच्याकडे सोपवला. तिसऱ्या पंचाने कसोटीत बाद ठरवलेला पहिला फलंदाज आपल्या मुंबईचा निघाला! पण कॅमेरा कोठे बसवला गेला हे पाहण्यासारखे आहे : क्रीझच्या अगदी सरळीत, म्हणजे पूर्वी पंच जेथे धावत जात असे त्याच दिशेला. यंत्रासही मर्यादा होत्याच. सेकंदाला 25 चित्रे घेणाऱ्या साध्या चित्रणात, सेकंदाला सात मीटर वेगाने पळणारा फलंदाज दोन चित्रांमध्ये 28 सेंटिमीटर पुढे गेलेला असतो.

आपल्या इंदूरच्या एका घरात या संक्रमणाचे दोन्ही काठ दिसतात. नरेंद्र मेनन यांनी 1993 ते 1998 या काळात आंतरराष्ट्रीय एकदिवसीय सामन्यांत पंचगिरी केली, तेव्हा कॅमेऱ्याची मदत नुकतीच येऊ लागली होती. त्यांचे पुत्र नितीन मेनन 2020 मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनेच्या एलिट पॅनेलवर गेले. वेंकटराघवन आणि एस. रवी यांच्यानंतरचे ते तिसरे भारतीय. त्यांच्या पिढीच्या पंचास धावचीताचा संशय आला की हवेत चौकोन काढता येतो.

जिल्हा आणि विभागीय सामन्यांत मात्र असा चौकोन काढून विचारणार कोणाला? तेथे चेंडू फटकावला जाताच पंच बाजूला धावला नाही, तर एखाद्या अठरा वर्षांच्या मुलाची खेळी यष्टींमागून बांधलेल्या अंदाजावर संपते, आणि निवड समितीपुढील कागदावर फक्त त्याच्या धावा उरतात.