अर्ज वाचणारा माणूस

अमेरिकेत महाविद्यालयाच्या प्रवेश कार्यालयात समुपदेशक म्हणून रुजू होणारा तरुण बहुधा नुकताच पदवीधर झालेला असतो. पुष्कळदा त्याच महाविद्यालयाचा. शरद ऋतूत नेमून दिलेल्या भागातील शाळांतून हिंडायचे, हिवाळ्यात तिथून आलेले अर्ज वाचायचे, प्रत्येकावर चार ओळींचे टिपण करायचे. अर्जात गुणांच्या जोडीला निबंध असतो, शिक्षकांची पत्रे असतात. काम जवळजवळ समीक्षकाचेच. साहित्याच्या प्राध्यापकाला ते आपलेसे वाटावे. पण या वाचनाचे कूळ शोधू गेले की उत्साह ओसरतो.

विसाव्या शतकाच्या आरंभी तिथल्या नामांकित विद्यापीठांत प्रवेश मुख्यतः लेखी परीक्षेवर ठरे. पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू कुटुंबांतील मुले त्या परीक्षा उत्तम रीतीने उत्तीर्ण होऊ लागली, आणि अडचण उभी राहिली. हार्वर्डमध्ये १९०० साली सुमारे ७ टक्के असलेले ज्यू विद्यार्थी १९२२ पर्यंत २१ टक्क्यांच्या घरात गेले. अध्यक्ष लॉरेन्स लोवेल (कवयित्री एमी लोवेल यांचे थोरले बंधू) यांनी उघड मर्यादा सुचवली. ती फेटाळली गेली. मग १९२६ मध्ये अधिक सभ्य वाट सापडली: ‘चारित्र्य’ आणि व्यक्तिमत्त्व पाहायचे, अर्जासोबत छायाचित्र मागायचे. मर्यादा कागदावर राहिली नाही. ती वाचणाऱ्याच्या नजरेत गेली.

कोलंबियातही हेच वारे होते. लायनेल ट्रिलिंग तिथे १९२१ साली विद्यार्थी म्हणून दाखल झाले. पुढे १९३६ मध्ये इंग्रजी विभाग त्यांना नोकरीवरून काढायला निघाला, तेव्हा त्यांचे ज्यू असणे हेही एक कारण होते. ज्यांच्या समीक्षेतून आपण नैतिक कल्पनाशक्तीचे पाठ घेतो, त्यांची ही कथा आपल्या वर्गात क्वचितच सांगितली जाते.

अर्थात, याच ‘समग्र’ वाचनाने १९६० नंतर कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी दारे किलकिली केली, हेही खरे. पण २०१८ मध्ये हार्वर्डविरुद्धचा खटला उभा राहिला तेव्हा वादाच्या केंद्रस्थानी व्यक्तिमत्त्वाला दिलेले गुणच होते. आशियाई वंशाच्या अर्जदारांना ते सरासरीने कमी मिळाले होते. २९ जून २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशात वंश विचारात घेण्याची पद्धतच घटनाबाह्य ठरवली. निबंध वाचणारा तरुण मात्र आपल्या जागी आहे.

आपल्याकडे १८५९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक परीक्षा झाली, तेव्हापासून आकड्याचे राज्य. पुढे प्रवर्ग आले, तरी प्रवेशाच्या खिडकीवर वाचण्यासारखे काही नसते. काही वर्षांपूर्वी जूनमध्ये मी त्या खिडकीत बसलो होतो. यादीत अर्ध्या टक्क्याने हुकलेला एक मुलगा कवितांची वही घेऊन आला. ‘‘सर, एकदा बघा तरी,’’ म्हणाला. मी यादीवर बोट ठेवले. वही न उघडल्याची रुखरुख बरेच दिवस होती. आता वाटते, त्याच्याविषयी चार ओळी लिहायला मला कुणी सांगितले असते, तर मी आधी कविता वाचली असती की वहीवरचे आडनाव?