तां-तां आणि एकवीस बोटं

आमच्या अण्णांना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा उजवा हात गेला आणि वाचाही गेली. उरला एकच शब्द, "मग". चहा हवा तरी मग, नको तरी मग. घरच्या वाचकांना हे ठाऊकच आहे. मी रोज संध्याकाळी जाऊन बसायचो आणि लहान पोराशी बोलावं तसं मोठ्यानं, तोडून तोडून बोलायचो. जन्मभर तोंडी परीक्षा घेतलेला मास्तर मी. ज्याला उत्तर सांगता येत नाही त्याला ते येत नाही, ही सवय हाडीमाशी मुरलेली.

एकदा गेलो तर अण्णा नातवाशी रमी खेळत होते. पानं उशीला टेकवून, डाव्या हातानं लावत त्यांनी डाव जिंकला आणि माझ्याकडे पाहिलं. ती नजर घेऊन मी घरी आलो आणि या विषयावर मिळेल ते वाचत सुटलो.

त्यात हा लबोर्न्य भेटला. जन्म १८०९चा, बुटांचे साचे करणारा फ्रेंच कारागीर. लहानपणापासून फिट्स यायच्या. तिशीत वाचा गेली आणि पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात त्याला ठेवलं, ते कायमचंच. काहीही विचारा, उत्तर "तां-तां". लोक त्याला तां म्हणूनच ओळखत. फार चिडला की मात्र देवाच्या नावाची एक शिवी स्पष्ट बाहेर पडे! (शिव्या आपोआप येतात, वाक्यं जुळवावी लागतात.) वॉर्डात तो भांडखोर म्हणून बदनाम होता. मला त्यात नवल वाटत नाही.

एप्रिल १८६१ मध्ये पाय सडला म्हणून त्याला शल्यविभागात आणलं. तिथे पॉल ब्रोका होते. वाचेला मेंदूत स्वतंत्र जागा आहे की नाही, हा वाद तेव्हा पॅरिसच्या विद्वानांत पेटला होता. ब्रोकांनी विचारलं, इथे किती वर्षं झाली? त्यानं पंजा चार वेळा उघडला आणि वर एक बोट दाखवलं. एकवीस. अगदी बरोबर! दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रश्न, तेच उत्तर. तिसऱ्यांदा विचारल्यावर आपली परीक्षा चाललीय हे त्याच्या ध्यानात आलं आणि ती शिवी ऐकू आली. स्मरण शाबूत, हिशेब शाबूत, समोरच्याचा डाव ओळखण्याची अक्कलही शाबूत.

१७ एप्रिलला तो गेला. दुसऱ्याच दिवशी ब्रोकांनी त्याचा मेंदू विद्वानांच्या सभेत मांडला. डाव्या बाजूला, पुढच्या भागात, कोंबडीचं अंडं मावेल एवढी पोकळी होती. त्या जागेला पुढे ब्रोकांचंच नाव मिळालं. तो मेंदू जपून ठेवलेला आहे. २००७ मध्ये एमआरआयचे निष्कर्ष आले, तेव्हा इजा बाहेरून दिसली त्याहून बरीच खोल गेलेली आढळली. म्हणजे बोलणं त्या एका जागेवरच अवलंबून नाही.

याच्या नेमकं उलट हेन्री मोलेसन या अमेरिकन माणसाचं झालं. १९५३ मध्ये फिट्ससाठी त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पसचा भाग काढला. बोलणं उत्तम राहिलं, पण नवी ओळख, नवी गोष्ट काही मिनिटांत पुसली जाई. २००८ मध्ये वारला तोवर तसंच.

त्यानंतर मी अण्णांशी पूर्वीसारखा बोलू लागलो, आणि संध्याकाळी पानं वाटायची पद्धत पडली. हरायचो बहुधा मीच. शेवटचं पान टाकून ते म्हणायचे, "मग?"